दिवसा झोपणारी वीज

विजेच्या नोकरीत माझी छत्तीस वर्षं गेली. लोकांना वाटतं, हा माणूस जन्मभर खांबांवर चढला असेल. चढलो, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर त्यातला बराच काळ पोरं हाकण्यात गेला. ज्वारीच्या शेतात माळ्यावरचा राखणदार पाखरं हाकतो, तशी मी सबस्टेशनच्या कुंपणावरची पोरं हाकली. संपादकांनी दिवाळी अंकासाठी ‘विजेच्या गमतीजमती’ लिहा म्हणून पत्र पाठवलं, तेव्हा इंजिनं आणि मीटर आठवायच्या आधी ती पोरंच डोळ्यांपुढे आली. म्हणून त्यांच्याबद्दलच लिहितो. सगळ्याच गमती आहेत असं मात्र संपादकांनी समजू नये.

काळ दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या चार-सहा वर्षांचा. आमच्या भागाला तेव्हा पश्चिम खानदेश म्हणत. तापीच्या खोऱ्यातलं, रेल्वे स्टेशन असलेलं आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. शहाद्याच्या बाजूने कापसाच्या गाड्या यायच्या, गावात कापसातून सरकी काढणारे दोन-तीन जिनिंग कारखाने होते आणि हवेत वर्षातले सहा महिने कापसाची धूळ असायची. माझे वडील पिंजारी. गाद्या पिंजण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि खोकल्यात संपलं. मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलो, म्हणून वडिलांनी कापूस पिंजायची धनुकली माझ्या हातात दिली नाही. गावात विजेची कंपनी आली तेव्हा मी वायरमन म्हणून लागलो. कंपनीच्या कागदावर वायरमन, गावाच्या तोंडी हुसेन मिस्तरी आणि पोरांच्या तोंडी चाचा.

कंपनी खाजगी होती, ती आता नाही. मॅनेजर सुरतेकडचे, मनाने चांगले, पण कोणत्याही गोष्टीला ‘कंई वांधो नथी’, म्हणजे काही हरकत नाही, म्हणायची त्यांना सवय. स्टेशनजवळ पॉवर हाउस, त्यात तेलावर चालणारी दोन इंजिनं. तिथून तीन हजार तीनशे व्होल्टची लाइन गावाला वळसा घालून बाजाराच्या मागे यायची. तिथे ती वीज घरांत जाण्याइतकी सौम्य करायची व्यवस्था होती. त्यालाच आम्ही मोठ्या तोऱ्यात सबस्टेशन म्हणायचो. आजच्या लोकांनी पाहिलं असतं तर हसले असते. विटांच्या ओट्यावर तेलाने भरलेली एक लोखंडी पेटी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तिच्या डोक्यावर चिनीमातीच्या मोठ्या कपांसारखे चकचकीत ठोकळे, त्यातून बाहेर आलेल्या तारा. दोन लोखंडी खांब. भोवती छातीइतकं तारेचं कुंपण, एक फाटक, आणि कुंपणाच्या आत एक जुना, डेरेदार कडुनिंब.

एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तेव्हा वीज चोवीस तास नसे. दिवेलागणीला इंजिन सुरू व्हायचं, मध्यरात्री बंद. दिवसा विजेचं गिऱ्हाईकच नव्हतं. म्हणजे दिवसभर ती पेटी, ते कप, त्या तारा, सगळं निव्वळ लोखंड आणि मातीची भांडी. गाय बांधली असती तरी चाललं असतं. सूर्य मावळला की त्याच तारेला हात लावणारा माणूस जागच्या जागी मरेल.

पोरांना हे कसं समजावायचं? कंपनीने मुंबईहून पाटी पाठवली. कवटी, खाली दोन हाडं, लाल अक्षरांत ‘धोका’. पाटी लावली त्याच दुपारी कवटीला कोळशाने मिशा आल्या. दुसऱ्या दिवशी फेटा आला. तिसऱ्या दिवशी मी निरखून पाहिलं तर ती कवटी आमच्या मॅनेजरसाहेबांसारखी दिसायला लागली होती. मी पाटी धुतली, पण खरं सांगतो, थोड्या नाइलाजानेच धुतली.

पुढे गलोलवाले आले. चिनीमातीचा कप फुटला की काय सुंदर आवाज होतो, हे एका पोराला कळलं की गावाला कळतं. एका आठवड्यात दोन कप गेले. मी शाळेत जाऊन मास्तरांना सांगितलं, मास्तरांनी सरसकट सगळ्यांना छड्या दिल्या आणि त्याच संध्याकाळी तिसरा कप गेला. त्यातच आयांची एक तऱ्हा. हट्ट करणाऱ्या पोराला बखोटीला धरून कुंपणापाशी आणायच्या आणि मला हाक मारायच्या, “ओ मिस्तरी, याले आठे बांधी द्या रातभर, तव्हयच सुधरी!” पोरगं भोकाड पसरायचं. मी मान डोलवायचो. आई गेली की तेच पोरगं दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन यायचं, आपल्याला कुठे बांधणार होते ते दाखवायला.

सुपडी या सगळ्यांत वेगळी. नथ्थू पाटलांची ही मुलगी. आधीची दोन मुलं जगली नाहीत, म्हणून हिला जन्मल्यावर सुपात घालून नाव सुपडी ठेवलेलं. पाटलांचं घर सबस्टेशनच्या समोर, रस्त्यापलीकडे. तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असेल. तिसरीपर्यंत शिकवून तिला घरी बसवली होती आणि तिच्यामागे एक शेळीचं करडू असायचं. एकदा दिवेलागणीला मी फाटकाशी पोचलो तर करडू कुंपणाखालून आत गवत खातंय आणि ही त्याच्यामागे सरपटत अर्धी आत गेलेली. पॉवर हाउसचं इंजिन सुरू व्हायला पाच-सात मिनिटं असतील. मी तिचे पाय धरून तिला बाहेर ओढलं आणि एक थोबाडीत दिली. भीतीने दिली, पण दिली.

ती रडली नाही. गालाला हात लावून म्हणाली, “चाचा, काबरं मारं?”

“आठे बिजली शे. मरी जाशी.”

“कोठे शे? मले दखाडा.”

दाखवायला काय होतं? रात्री घरी हे सांगितलं तेव्हा आमची बीबी रोट्या थापता थापता म्हणाली, “कुएँ का डर बिठाना हो तो बच्चे को कुआँ दिखाते हैं जी. तुम तो मारते फिरते हो.” सात इयत्ता मी शिकलो होतो आणि अक्कल तिच्यापाशी निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजारामागची सगळी पोरं गोळा केली, फाटक उघडलं आणि त्यांना आत नेलं. कंपनीच्या नियमात हे कुठेच बसत नव्हतं. पेटीला हात लावायला दिला, कपांवरून बोटं फिरवू दिली. मग त्यांना सांगितलं की बिजली दिवसा निजते आणि दिवे लागले की उठते. उठली की माणूस ओळखत नाही, मलासुद्धा नाही. कोपऱ्यातल्या लोखंडी खांबावर पत्र्याच्या टोपीखाली मी एक दिवा लावला होता. तो याच पेटीतल्या विजेवर चालायचा. पेटीत वीज आली की दिवा पेटणार, गेली की विझणार. त्यात लबाडी शक्य नव्हती. मी म्हणालो, “दिवा पेटना म्हंजे बिजली जागी व्हयनी. मंग कुंपनपान येवानं नही. दिवा दखाना, मंगच पाय टाकाना. काय दखाना?”

“दिवा!” सगळी ओरडली.

सुपडीने तेवढ्यावर सोडलं नाही. तिने खांबाकडे बोट केलं. “आते पेटेल नही, म्हंजे निजेल शे?”

“निजेल शे.”

तिने पेटीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

हा उपाय इतका लागू पडला की मला स्वतःलाच नवल वाटलं. दिवसा पोरं कुंपणाशी खेळायची, आत गेलेली विटी आणायची. संध्याकाळी इंजिनाचा धडधड आवाज स्टेशनकडून यायचा, खांबावरचा दिवा आधी लाल, मग पिवळा व्हायचा, आणि सगळी एका सुरात ओरडायची, “जागी व्हयनी रे, जागी व्हयनी!” आणि पळायची. मोठी पोरं लहानांना काखोटीला मारून पळायची. कपांवर दगड पडायचे थांबले, कारण निजलेल्याला कोण मारणार? चार वर्षांत एका पोराला साधा चटका बसला नाही. शेजारच्या गावांत दोन अपघात झाले, आमच्याकडे एकही नाही. मॅनेजरसाहेब पाहुण्यांना मला दाखवायचे. मीही दाखवून घ्यायचो. माझ्या नाकाचा शेंडा त्या काळात जरा वरच असायचा.

आणि आखाजी. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात आणि तो सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात आणि झाडाझाडाला झोके बांधून दिवसभर खेळतात, गाणी म्हणतात. बाजारामागे झोका पेलणारी फांदी एकाच झाडाला होती, आमच्या कडुनिंबाला. ती बरोबर ट्रान्सफॉर्मरच्या बाजूने आडवी गेलेली. पहिल्या वर्षी पाचसहा मुली, पुढे सुपडी, फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. “चाचा, दिवा पेटेल नही.” मी फाटक उघडलं. त्या ओट्यावर, ओट्यावरून पेटीच्या कडेवर पाय ठेवून फांदीवर चढायच्या आणि दोर बांधायच्या. गाठ मी तपासायचो. कुंपण आणि फाटकाशी मी असल्यामुळे टारगट पोरांना आत येता यायचं नाही, म्हणून मुलींना ती जागा फारच पसंत. दरवर्षी आखाजीला आमचं सबस्टेशन लुगड्यांनी आणि गाण्यांनी भरायचं, आणि इंजिन सुरू व्हायच्या अर्धा तास आधी मी हाक दिली की पाच मिनिटांत रिकामं व्हायचं. आज हे लिहिताना अंगावर काटा येतो. तेव्हा अभिमान वाटायचा.

चौथ्या आखाजीनंतर सुपडीचं लग्न झालं. तापीपलीकडच्या गावी दिली. तेरा वर्षांची असेल. जाताना करडाची झालेली शेळी तिने भावाकडे सोपवली. दिवाळीला तिची सासू आजारी, म्हणून ती माहेरी आली नाही.

त्याच वर्षी होळीनंतर मॅनेजरसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. एका जिनिंगवाल्याने वाफेचं इंजिन काढून विजेची मोटर बसवायचं ठरवलं होतं. कंपनीला दिवसाचं गिऱ्हाईक मिळालं. सोमवारपासून पहाटे पाचलाच इंजिन सुरू होणार होतं.

मी म्हणालो, “साहेब, मला पंधरा दिवस द्या. पोरांना मी उलटं शिकवून ठेवलंय.”

“हुसेनभाई, कंई वांधो नथी. तमे समजावी देजो.”

हातात चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी जे केलं ते मी आजही कमी म्हणणार नाही. गावात दवंडी दिली. शाळेत प्रत्येक वर्गात उभा राहिलो. जुम्म्याला नमाजानंतर मशिदीत आणि शनिवारी मारुतीच्या देवळापुढे सांगितलं. बाजारामागच्या प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी गेलो, आईला बाहेर बोलावलं, पोराला समोर उभं केलं आणि त्याच्याकडून वदवून घेतलं की बिजली आता दिवसाही जागी असते. फाटकाला कुलूप घातलं. झोक्यासाठी विहिरीजवळची चिंच ठरवली आणि तिची वाळकी फांदी स्वतः तोडून जागा साफ केली.

आणि दिवा होताच. माझी सगळी भिस्त त्या दिव्यावर होती. एखादं पोर विसरलं, एखादं नवं आलं, तरी दिवा सांगणारच होता. पेटीत वीज असेतो तो दिवसरात्र पेटणार. नियम तोच राहिला, फक्त दिवा जास्त वेळ पेटायला लागला. मला वाटलं, किती छान जमलं! मी तो दिवा रोज पाहायचो. कधी पाहायचो? उन्हं वर यायच्या आत ड्यूटीवर जाताना आणि दिवे लागताना परत येताना. रोज तो स्वच्छ पेटलेला दिसायचा.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी सुपडी माहेरी आली. मला कळलंही नाही. गावातल्या एकेका पोराला मी सांगितलं होतं. गावाबाहेर दिलेल्या मुली उद्या परत येणार आहेत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी सगळी घरं फिरलो, पण त्या घरांतून गेलेल्या मुलींचा विचार केला नाही.

सणाच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मी चिंचेखाली होतो. चार मुलींचे झोके बांधून देत होतो. जिनिंगच्या मोटरचा घूं घूं आवाज बाजारावरून येत होता, त्यात स्टेशनकडची इंजिनाची धडधड बुडून गेली होती. हंगाम संपत आला होता, पण उरलेल्या कापसासाठी सणालाही काम चालू होतं. अचानक आवाज बंद झाला. विजेच्या माणसाच्या कानाला आवाज बंद झालेला लगेच कळतो. मोटर मुद्दाम बंद केली तर ती सावकाश दमत थांबते आणि तिच्या मागोमाग पट्ट्याचा फटफट आवाज येतो. हा आवाज मात्र मध्येच तुटला. म्हणजे पॉवर हाउसचा फ्यूज उडाला होता. मी दोर टाकून धावलो.

फाटक बंद होतं, कुलूप जसंच्या तसं. कुंपणाच्या आत, ओट्याखाली सुपडी पडली होती. हिरवं नवं लुगडं, बाजूला दोराचं भेंडोळं. सगळ्यांच्या आधी येऊन तिला जुन्या फांदीला झोका बांधायचा होता. कुंपणावरून चढून, ओट्यावरून पेटीच्या कडेवर पाय ठेवून, चार वर्षं मी तिला जसं चढू दिलं होतं तशीच ती चढली होती. डाव्या हाताने आधार घेतला तो कपाच्या वरच्या तारेचा. झटक्याने ती बाहेर फेकली गेली, म्हणून वाचली. श्वास चालू होता. हाताबद्दल लिहीत नाही.

नथ्थू पाटील धावत आले. मुलीला उचललं, बैलगाडीत घातलं आणि स्टेशनवर आले. मी गाडीबरोबर चालत होतो. पाटील माझ्याकडे वळून म्हणाले, “मन्हीच पोर आगाऊ शे, मिस्तरी. तुम्ही कितली दवंडी दिधी, घर घर फिरनात. आम्ही रातले बोलता बोलता सांगाले भुली गयात.” ते जवळजवळ माझी माफी मागत होते. तिला दोष देऊ नका, एवढंच मी म्हणालो. रेल्वेने तिला मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी तिचा जीव वाचवला, पण डावा हात कोपराखाली काढावा लागला.

मी गावात परतलो. रात्रभर एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. सुपडी असं करणारी पोर नव्हती. दिवा पाहिल्याशिवाय ती त्या कुंपणाला हात लावणारी नव्हती. मग काय झालं? दिवा बंद होता का? अपघाताच्या वेळी फ्यूज उडाला, त्यामुळे मी पोचलो तेव्हा तो विझलेलाच होता. त्यावरून काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लाइन परत चालू झाली होती. बरोबर नऊ वाजता मी नथ्थू पाटलांच्या दारात, रस्त्यापलीकडे, सुपडी जिथून निघाली तिथे जाऊन उभा राहिलो. वैशाखाचं ऊन. पत्र्याची टोपी चमकत होती, खांब चमकत होता, तारा चमकत होत्या. दिवा पेटलेला आहे की नाही, मला सांगता येईना. मी रस्ता ओलांडला. कुंपणाशी आलो, तरी सांगता येईना. शेवटी अगदी खांबाखाली उभं राहून, दोन्ही हातांची डोळ्यांवर सावली करून वर पाहिलं, तेव्हा काचेच्या आत तांबूस तार दिसली. दिवा पेटलेला होता. रोज पेटलेला होता. पहाटे आणि संध्याकाळी पाहणाऱ्या माणसाला तो दिसत होता. नऊ वाजता खेळायला येणाऱ्या पोराला तो दिसणं शक्यच नव्हतं.

मी हे कोणालाच सांगितलं नाही. बीबीलाही नाही.

पाचव्या दिवशी मुंबईहून सरकारी इलेक्ट्रिक इन्स्पेक्टर आले. त्यांनी सबस्टेशन पाहिलं, कुलूप पाहिलं, पाटी पाहिली, दवंडी देणाऱ्याची जबानी घेतली. मॅनेजरसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले की साहेबांनी विचारलं तर कुलूप होतं, पाटी होती, दवंडी दिली होती, एवढंच बोलायचं. खोटं त्यात काहीच नव्हतं. दिव्याचा नियम कुठल्याच कागदावर नव्हता. तो बाहेर आला असता तर त्याच्या मागून चार वर्षं पोरांना आत सोडणं बाहेर आलं असतं, झोके आले असते, गाठी तपासणारा हुसेन आला असता. माझी नोकरी गेली असती. घरात तेव्हा तीन लहान मुलं होती आणि धनुकली धरायला माझे हात शिकलेले नव्हते. हे कारण म्हणून सांगतोय. ते पुरेसं होतं असं म्हणत नाही.

मग आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी खाटेपाशी दोघांनाच सोडलं. इन्स्पेक्टर आणि मी. मी अशासाठी की मुलगी मला ओळखते आणि साहेबांना खानदेशी बोली कळत नाही. नथ्थू पाटील आणि मॅनेजर बाहेर व्हरांड्यात थांबले. सुपडीचे ओठ सुजलेले होते. मला पाहून तिने उजवा हात थोडा उचलला.

साहेबांनी पुस्तकी, मायाळू मराठीत विचारलं, “बाळ, फाटकाला कुलूप होतं. तरी तू आत का गेलीस? तुला धोका ठाऊक नव्हता?”

ती माझ्याकडे पाहून हळू म्हणाली, “मी दखं व्हतं चाचा. पेटेल नव्हता. दोनदा दखं.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणते?”

मी म्हणालो, “घाबरलेली आहे, साहेब. काही आठवत नाही म्हणते.”

ती तिसरीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली होती. मी काय बोललो ते तिला शब्दन् शब्द कळलं. साहेब चांगले होते, त्यांनी खात्री करून घ्यायची म्हणून तिच्याकडे वाकून पुन्हा विचारलं, “असंच का, बाळ? काही आठवत नाही?”

ती माझ्याकडे पाहतच होती. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिला फक्त प्रश्न पडला होता, आणि मग तिने तो स्वतःच सोडवला. म्हणाली, “हां. चाचा सांगस तेच खरं.”

हे साहेबांना कळलं. त्यांनी लिहून घेतलं. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली.

अहवालात आलं की सर्व खबरदारी घेतलेली असताना मुलीने आज्ञाभंग आणि निष्काळजीपणा केला. त्या कागदाची नक्कल सुपडीच्या सासरी कशी पोचली देव जाणे. पोर कोणाचं ऐकत नाही असं सरकारनेच लिहून दिलंय, ती आमच्या घरात नांदणार कशी, असं त्यांनी कळवलं. नुसता हात गेला म्हणून सोडली असं म्हणायला त्यांना लाज वाटली असती. कागदाने ती लाज वाचवली. नथ्थू पाटलांनी दोनदा खेटे घातले आणि मग बंद केले.

मी नोकरीत राहिलो. कडुनिंब तोडवला, कुंपण पुरुषभर उंच केलं आणि त्यानंतर तीस वर्षं प्रत्येक पोराला एकच सांगितलं की वीज कधीच झोपत नाही. माझ्या हद्दीत पुन्हा एकाही पोराला इजा झाली नाही. निवृत्तीच्या समारंभात याचाच गौरव झाला, हार घातला, टाळ्या वाजल्या.

सुपडी आज पन्नाशीत आहे. भावाच्या घरी राहते. एका हाताने पापड लाटते, आणि भावाच्या नातवंडांना तिचा धाक आहे. बाजारात भेटते तेव्हा “चाचा, बरं शे ना?” विचारते. दवाखान्यातल्या त्या दिवसाचा विषय तिने एकदाही काढला नाही. मी अनेकदा काढायचा ठरवलं आणि प्रत्येक वेळी मेथीची जुडी निवडत उभा राहिलो. तिच्या भावाच्या घरी हा अंक येतो आणि ती तो वाचते, हे मला ठाऊक आहे. तोंडाने जमलं नाही ते म्हणून इथे लिहितो. त्या जबानीतलं एक उत्तर मी बदललं होतं. मुलीला सगळं आठवत होतं. तिने दिवा पाहिला होता, दोनदा पाहिला होता, आणि मी शिकवलं होतं तेच तिने केलं.